वाचून काढलेला धंदा

धंद्याच्या पहिल्या वर्षी मी १९ पुस्तके वाचली आणि ११ यंत्रे विकली. हे प्रमाण आज कुणाला सांगितले म्हणजे ऐकणारा हसतो आणि मीही त्याच्या हसण्यात सामील होतो; परंतु २०१४ सालच्या मार्चअखेरीस, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या गाळ्यात, पत्र्याच्या छपराखाली तापलेल्या एका दुपारी, एकीकडे न खपलेल्या यंत्रांच्या खोक्यांची उतरंड आणि दुसरीकडे पेन्सिलीने अधोरेखित केलेल्या इंग्रजी पुस्तकांची उतरंड पाहत मी बसलो होतो, तेव्हा मला हसू आले नव्हते. त्यातल्या त्यात समाधान एवढेच, की दोन्ही उतरंडी सारख्याच निगुतीने रचलेल्या होत्या.

अलीकडे नव्याने धंद्यात पडू पाहणारी मुले माझ्याकडे येतात. चहा होतो, यंत्रे पाहून होतात, आणि निघता निघता भिंतीवरच्या फळ्यांकडे बोट दाखवून त्यांतला कुणी तरी हमखास विचारतो, “सर, यातली कुठली पुस्तकं आधी वाचू?” त्याला यादी हवी असते, आणि यादी देण्याइतके सोपे व फुकटचे मोठेपण देणारे काम दुसरे नाही. तरीही ती देण्यास मी कचरतो. पुस्तकांविषयी अनास्था हे त्याचे कारण नव्हे. माझ्या कारभारात जे काही बरे घडले त्यातला मोठा वाटा पुस्तकांचाच आहे. कारण असे, की ज्या पुस्तकाने मला एका बिकट प्रसंगातून तारून नेले, तेच पुस्तक दोन वर्षे आधी मी साद्यंत वाचले होते, त्याच्या समासात टिपणे केली होती, एका स्नेह्याला त्याचा सारांशही ऐकवला होता, आणि तरीही त्यातले मला काहीएक कळलेले नव्हते.

हा अनुभव मला नवा नव्हता, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले. आमचे वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. दफ्तरातल्या जमाखर्चात आयुष्य गेलेल्या त्या गृहस्थाला उद्योगाचे विलक्षण आकर्षण होते, आणि ते त्यांनी आयुष्यभर केवळ वाचून भागवले. घरी ‘किर्लोस्कर’ मासिकाचे बांधीव अंक होते आणि शंकरराव किर्लोस्करांनी लिहिलेले लक्ष्मणरावांचे चरित्र, ‘यांत्रिकाची यात्रा’, हेही होते. बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान काढणारा, पुढे लोखंडी नांगर करणारा, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या निवडुंगाच्या माळावर गाव वसवणारा हा पुरुष माझ्या बालपणी रामायणातल्या पुरुषांच्या पंक्तीला बसलेला होता. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली, हे वाक्य मी दहाव्या वर्षी वाचले ते पराक्रमाचे वर्णन म्हणून. त्या दोन वर्षांत घरखर्च कशावर चालला असेल, लोखंडाचे पैसे कुणी दिले असतील, न खपलेला नांगर अंगणात पाहून घरची माणसे काय म्हणत असतील, हे प्रश्न मला पडले नाहीत. ते पडण्यासाठी माझे स्वतःचे न खपलेले यंत्र असावे लागले.

ते यंत्र म्हणजे शेतीपंपाचा मोबाइल स्टार्टर. आमच्या सासऱ्यांची शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठाला जमीन आहे. शेतीची थ्री फेज वीज आठवड्याचे काही दिवस रात्रीच येते. आणि ‘लाईट आली’ म्हणजे वयाच्या सत्तराव्या वर्षीही माणसाने बॅटरी घेऊन, विंचूकाटा चुकवीत, मळीच्या रानातून काठापर्यंत जावे आणि मोटर चालू करावी, उसाला पाणी पाजावे, आणि तासाभरात लाईट गेली तर पुन्हा तसेच जावे, हा प्रकार मी १५ वर्षे पाहत होतो. एका फौंड्रीत विद्युतदुरुस्ती विभागात १७ वर्षे नोकरी केल्यावर, घरून फोन लावताच मोटर सुरू होईल, एखादी फेज गेली किंवा फूटव्हॉलने हवा ओढली तर आपोआप बंद होईल, असे यंत्र मी घडवले आणि २०१३ साली राजीनामा दिला. केंद्र सरकारची ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू झाली ती जानेवारी २०१६ मध्ये. तत्पूर्वी आमच्याकडे या प्रकाराला उपद्व्याप म्हणत.

एरिक रीस यांचे ‘द लीन स्टार्टअप’ हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक मी राजीनाम्याच्या आधीच वाचलेले होते. अमेरिकेतल्या त्या लेखकाने आपल्या कंपनीत सहकाऱ्यांसह महिनोन्‌महिने खपून संदेशवहनाची एक आज्ञावली तयार केली, आणि ज्या गुणासाठी हे सारे श्रम केले तो गुणच गिऱ्हाइकाला नको होता असे अखेरीस निष्पन्न झाले, ही त्यातली कबुली मला फार आवडली होती. म्हणून मी काय केले? तर त्या कबुलीखाली दुहेरी रेघ ओढून माझ्या यंत्रात १४ सोयी घातल्या. जमिनीतला ओलावा, पाऊस, विजेचा दाब, पाण्याची पातळी, सारे त्या खोक्यातून शेतकऱ्याच्या मोबाइलवर यावे अशी तजवीज केली आणि तिच्यापायी आणखी सात महिने घालवले. या १४ पैकी तीन सोयी लोकांनी वापरल्या. उरलेल्या ११ सोयींच्या सुट्या भागांची खरेदी मात्र रोखीने झाली होती. दुसऱ्याची चूक वाचताना आपण नकळत न्यायासनावर बसतो, आणि आरोपीच्या पिंजऱ्यातला मनुष्य आपल्यासारखा दिसतो हे त्या उंचीवरून दिसत नाही.

खरी गंमत पुढची आहे. यंत्र दाखवावयास मी गावोगाव जात असे, आणि एकाही शेतकऱ्याने मला नाउमेद केले नाही. “लई भारी हाय ओ साहेब, असलं पायजेच होतं. रातीचं कोण जातंय काठाला?” असे म्हणून तो चहा पाजी, दोन शेजाऱ्यांना बोलावून यंत्र दाखवी, आणि किमतीचा विषय निघाला म्हणजे म्हणे, “घेऊ की. ऊस जाऊ दे.” ऊस जाई, परंतु यंत्र जात नसे. मी वहीत त्यांची नावे ‘निश्चित गिऱ्हाईक’ या सदराखाली लिहीत होतो. आणि १४० निश्चित गिऱ्हाइकांपैकी ११ जणांनी यंत्र घेतले तेव्हा मला शेतकऱ्याच्या शब्दाचा राग आला.

राग अस्थानी होता. रॉब फिट्झपॅट्रिक नावाच्या लेखकाचे ‘द मॉम टेस्ट’ हे लहानसे पुस्तक माझ्या भाच्याने पुण्याहून आणून दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की आपली कल्पना आईला सांगितली तर आई ती चांगलीच म्हणणार, आणि जग तरी यजमान म्हणून आईहून फारसे निराळे वागत नाही. म्हणून कल्पनेविषयी मत विचारूच नये, माणसाने मागे प्रत्यक्ष काय केले तेवढे विचारावे. हे मी वाचले ते त्या १४० नावांची वही मांडीवर घेऊन. ओसरीवर बसून ज्याचा चहा घेतला त्याच्याच तोंडून आपल्या वस्तूची निंदा ऐकण्याची अपेक्षा मी कोल्हापूर जिल्ह्यात करीत होतो! दुसऱ्या दिवसापासून यंत्र पिशवीतच ठेवले आणि विचारावयास लागलो: गेल्या वर्षात मोटर किती वेळा जळाली? भरायला कुठे टाकली? किती दिवस लागले? तोवर पाण्याचे काय केले? या प्रश्नांना मात्र शेतकरी रुपये-आण्यांत आणि तिथीवारांत उत्तरे देऊ लागला. काठापर्यंतच्या रात्रीच्या फेऱ्यांचा त्याला कंटाळा होता, पण त्या कंटाळ्यासाठी तो पैसे मोजणार नव्हता. ऐन उन्हाळ्यात मोटर जळून आठ दिवस ऊस वाळतो, या भयासाठी मोजणार होता. दुसरी गोष्ट अशी समजली, की मोटरीच्या बाबतीत तो माझे, दुकानदाराचे किंवा मुलाचे ऐकत नसून गावातल्या वायरमनचे ऐकतो.

येथपर्यंत पुस्तकाने आणून सोडले. पुढची वाट कुठल्याच पुस्तकात नव्हती. वायरमन म्हणजे मोटर भरून देणारा, तांब्याच्या तारेचे वेढे घालणारा कारागीर. मोटर जळणे हीच त्याची रोजी. मी पहिल्यांदा ज्याच्या दुकानी गेलो तो हातातले काम न थांबवता म्हणाला, “साहेब, तुमच्या डबड्यानं मोटरा जळायच्या थांबल्या तर मी काय भजी तळू?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि प्रश्न इतका रास्त होता की वाद घालणेही शोभले नसते. मी त्याच्या दुकानी नुसता जाऊन बसू लागलो. दोन हंगाम बसल्यावर दिसले ते असे: मार्च ते मे या काळात विजेचा दाब उतरतो, मोटरी भराभर जळतात, त्याच्या दारात त्यांची रांग लागते, दोन हातांनी किती भरणार, शेतकरी शिव्या देतात आणि मोटर उचलून इचलकरंजीला नेतात, आणि पावसाळ्यात, नदी चढू लागली म्हणजे लोक मोटरी काठावरून वर काढून ठेवतात, त्या तीन महिन्यांत त्याच्या दुकानात माशी नसते. तेव्हा मी त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला, की पावसाळ्यात वर आलेल्या मोटरींना यंत्र बसवावे, बसवण्याची मजुरी त्याची, दर वर्षी तपासणीची मजुरीही त्याचीच, आणि यंत्राची किंमत शेतकऱ्याकडून त्यानेच घ्यावी. उन्हाळ्यातली जी कामे त्याच्या हातून तशीही निसटत होती ती कमी झाली, आणि रिकाम्या महिन्यांना रोजगार आला. त्याच्या ओळखीने दुसरा वायरमन आला, मग तिसरा. तीन वर्षांत ४० झाले. आज माझी जी काही विक्री आहे ती या ४० दुकानांच्या ओट्यांवरून होते. भजी तळण्याची धमकी देणारे ते गृहस्थ अजून मला ‘डबडेवाले’च म्हणतात.

आता त्या पुस्तकाविषयी, ज्याचा उल्लेख मी आरंभी नाव न घेता केला. इस्राएलमधले पदार्थविज्ञानाचे अभ्यासक एलियाहू गोल्डरॅट यांनी जेफ कॉक्स यांच्या साहाय्याने लिहिलेले ‘द गोल’ १९८४ मध्ये निघाले. ही कारखान्याची कादंबरी आहे. अ‍ॅलेक्स रोगो नावाच्या व्यवस्थापकाला, तीन महिन्यांत कारखाना सुधार, नाही तर तो बंद होईल, असे बजावण्यात येते; आणि त्याला वाट सुचते ती मुलांना घेऊन काढलेल्या एका पदयात्रेत, जिथे हर्बी नावाचा सर्वांत सावकाश चालणारा मुलगा साऱ्या रांगेची गती ठरवत असतो. पहिल्या वाचनात मला नायकाच्या बायकोचे रुसून माहेरी जाणे तेवढे लक्षात राहिले होते.

२०१६ च्या ऐन हंगामात वायरमन मंडळींकडून मागणी येऊ लागली आणि आमचा माल निघेना. चार मुली डाख देण्याच्या कामावर होत्या. त्या कमी पडतात असे ठरवून मी कर्ज काढून आणखी दोन टेबले मांडली, दोन मुली ठेवल्या. महिन्याअखेर पाहतो तो डाख दिलेल्या पाट्यांचा ढीग दुप्पट आणि बाहेर पडणारी यंत्रे तेवढीच. त्या रात्री, झोप येईना म्हणून, फळीवरचे ते पुस्तक पुन्हा काढले. हर्बीच्या प्रकरणापाशी आलो आणि पुस्तक पालथे ठेवून, रात्री साडेबाराला, मोटारसायकल काढून गाळ्यावर गेलो. यंत्र तपासण्याचे आमचे टेबल एकच होते. त्यावर पाच अश्वशक्तीची एक मोटर. प्रत्येक यंत्र तिला जोडून, एकेक फेज तोडून, बराच वेळ चालवून पाहायचे. आणि हे काम मी कुणालाही शिकवलेले नसून, बँकेत, पोस्टात, सप्लायरकडे जाऊन उरलेल्या वेळात स्वतःच करीत होतो. साऱ्या रांगेला अडवून धरणारा तो सावकाश मुलगा माझ्याच नावाच्या हजेरीपत्रकावर सह्या करीत होता.

उपाय पुस्तकात होता तोच केला, आणि त्यात कसलेही पांडित्य नव्हते. सदोष पाट्यांनी तपासणीच्या टेबलाचा वेळ खाऊ नये म्हणून त्या आधीच साध्या मीटरने चाळून घेऊ लागलो. जेवणाच्या सुट्टीतही ते टेबल मोकळे राहणार नाही अशा पाळ्या लावल्या. आणि डाख देणाऱ्या मुलींपैकी जी सर्वांत कमी बोलत असे तिला तपासणी शिकवली. ती माझ्याहून कडक निघाली. दिवसाला ८ यंत्रे निघत होती ती दीड महिन्यात २० वर गेली, नवे यंत्र एकही न घेता. कर्जाचे हप्ते मात्र त्या दोन टेबलांपायी तीन वर्षे चालू राहिले. अँडी ग्रोव्ह यांच्या ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ या १९८३ च्या पुस्तकात न्याहारीच्या उदाहरणाने हीच गोष्ट सांगितली आहे: पाव, कॉफी आणि तीन मिनिटांचे अंडे यांत अंड्याचा वेळ जमेस धरून बाकी साऱ्याचा आरंभ ठरवायचा. तेही मी वाचलेले होते. अंड्याशी आमचा संबंध नाही अशा आढ्यतेने मी ते प्रकरण उलटून टाकले होते.

इतर पुस्तकांविषयी फार लिहावे असे वाटत नाही. मायकेल गर्बर यांच्या ‘द ई-मिथ रिव्हिजिटेड’मधली फळांच्या कचोरीसारखे काही तरी करून विकणारी दुकानदारीण मनात राहते, आणि उत्तम कारागीर म्हणजे उत्तम धंदेवाला नव्हे हे त्यांचे म्हणणे आमच्या उद्यमनगरातल्या निम्म्या दुकानांवर पाटी म्हणून लावण्याजोगे आहे, पण सारा धंदा पत्रकांत बसवून त्याच्या शाखा काढाव्यात हा त्यांचा आग्रह मला आमच्या वायरमन मंडळींपुढे वाचून दाखवण्याचे धाडस झाले नाही. पीटर थील यांचे ‘झिरो टू वन’ तल्लख आहे, आणि तल्लखपणाची मला त्या वेळी गरज नव्हती. बेन हॉरोविट्झ यांच्या पुस्तकातल्या रकमा आमच्या कल्पनेपलीकडच्या, परंतु पगाराच्या आदल्या रात्रीची त्यांची घालमेल माझ्या घालमेलीहून वेगळी नव्हती. संकटात माणसाला सल्ल्यापेक्षा सोबत लागते, ती त्यांनी दिली.

आणि या साऱ्यांत पैशाच्या कारभाराविषयी, म्हणजे उधारीविषयी, मला हवे ते मिळाले नाही. परदेशी लेखकांचा संस्थापक भांडवलदारांकडून पैसा आणतो आणि तो संपण्यापूर्वी वाढतो किंवा मरतो. माझे भांडवल माझ्या भविष्यनिर्वाह निधीचे आणि पत्नीच्या दागिन्यांवरच्या तारणाचे; आणि माझा पैसा उसाच्या मुळाशी गुंतलेला. गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने १४ दिवसांत बिल द्यावयाचे. ते सेवा सोसायटीच्या खात्यावरून, पीककर्ज वळते होऊन, उरलेले शेतकऱ्याच्या हाती यायचे. त्यातून लग्नकार्य, दवाखाना, खत वजा जाता वायरमनकडे, आणि त्याच्याकडून माझ्याकडे. मला सुटे भाग पुरवणारे मुंबईचे व्यापारी मात्र पैसे आधी घेऊन मग माल पाठवीत. २०१७ मध्ये आमच्या ताळेबंदाने पहिल्यांदा नफा दाखवला, आणि त्याच महिन्यात सहा मुलींचा पगार द्यावयास माझ्याजवळ पैसे नव्हते.

शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीत, गुळाच्या अडत पेढीवर ३८ वर्षे दिवाणजी म्हणून राहिलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या शेजारी होते. त्यांना मी ताळेबंद दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारले, “मालक, पगार नफ्यातनं देणार की गल्ल्यातनं?” मग ते रोज सकाळी तासभर येऊ लागले. त्यांच्या आग्रहाने संगणकावरचा हिशेब चालू असतानाच एक लाल कापडी बांधणीची रोजकीर्द घातली गेली, आणि तिच्या शेवटच्या पानावर दर सोमवारी तीन ओळी लिहिल्या जाऊ लागल्या: हातात किती, पुढच्या १३ आठवड्यांत कुणाकडून कधी किती येईल, आणि कुणाला कधी किती जाईल. त्यांची भाषा मला निम्मी कळेना. नावे आणि जमा यांतला भेद समजून घेताना माझी अभियांत्रिकीची पदवी कामास येईना. शेवटी मी पुतणीचे इयत्ता अकरावीचे पुस्तपालन व लेखाकर्माचे पाठ्यपुस्तक मागून आणले आणि वयाच्या ४५ व्या वर्षी त्यातली उदाहरणे सोडवली. धंदा चालवण्यास साहाय्यकारी पुस्तक कोणते, असे कुणी मला शपथेवर विचारले तर मी याच पुस्तकाचे नाव घेईन. पण त्याचे मुखपृष्ठ इतके अनाकर्षक आहे की विचारणाऱ्याला वाटते, सर थट्टा करतात.

दिवाणजींचे बोलणे ऐकताना मला पुष्कळदा आज्ञापत्राची आठवण होई. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेला १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ आमच्याच करवीर राज्यातला. त्यात साहुकारांचा परामर्श कसा घ्यावा, गडावरचा संचय कसा राखावा, आरमारासाठी रयतेचे झाड तोडावयाचे तर धन्यास राजी करून व मोबदला देऊन कसे तोडावे, याचा जो बारकाईने विचार आहे तो वाचल्यावर, मराठीला कारभाराची भाषा नाही असे म्हणणाऱ्याची कीव येते. भाषा आहे, ती आम्ही दफ्तरात बांधून ठेवली आणि परक्या भाषेतल्या पुस्तकांतून उसनवार करू लागलो.

आता एक कबुली. त्याच वर्षी मी पीटर ड्रकर यांचे ‘दि इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ वाचत होतो. त्यात ते सांगतात की आपला वेळ कुठे जातो याविषयीच्या आठवणीवर विश्वास ठेवू नये, तो घडेल तसा नोंदवून ठेवावा. मी इमानाने तीन आठवडे नोंद ठेवली. तिसऱ्या रविवारी बेरीज घेतली तेव्हा दर आठवड्यास सरासरी ११ तास व्यवस्थापनावरील पुस्तकांच्या वाचनात गेले होते, आणि वसुलीसाठी दोन तासही नव्हते. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दुकानदाराकडे चार लाख रुपये आठ महिने अडकलेले असताना मी घरी बसून ‘वेळेचा विनियोग’ हे प्रकरण वाचत होतो! लघुउद्योगाचे देणे ४५ दिवसांच्या आत द्यावे असा २००६ चा कायदा आहे, हेही मी वाचून ठेवले होते. मात्र कायद्याचे कलम दाखवण्याआधी माणसाच्या दारात जावे लागते, आणि तेवढे एक मला नको होते. तगादा लावण्याची लाज मला वाटत होती. त्या लाजेला मी अभ्यास असे नाव दिले होते. सोमवारी पहाटेची एस. टी. धरून त्या दुकानी गेलो, आणि तीन तास बाकावर बसल्यावर त्या गृहस्थाने निम्म्या रकमेचा धनादेश दिला आणि अगदी साधेपणाने म्हटले, “अहो, तुम्ही कधी मागितलेच नाहीत.” उरलेली रक्कम त्याने बुडवली, तो भाग वेगळा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला, आणि आम्ही इकडे व गाळा तिकडे असे दिवस गेले. शिरोळ तालुक्यात मोटरी वर काढण्यासही लोकांना अवधी मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर वायरमन मंडळींनी पोत्यांत भरून चिखलाने लिंपलेली २६० यंत्रे आणून टाकली. हमीपत्रात पुराचे नुकसान वगळले होते. ते कलम मीच, एका चांगल्या पुस्तकातल्या नमुन्यावरून, घातले होते. त्या दिवशी मी कुठलेही पुस्तक उघडले नाही. सुट्या भागांचे मोल तेवढे घेऊन, मजुरी न लावता, सारी दुरुस्त करून द्यायचे ठरवले, आणि ही गोष्ट दिवाणजींना सांगताना माझा आवाज चाचरला, कारण १३ आठवड्यांचा त्यांचा आकडा मला पाठ होता. ते काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी खतावणीत नवे पान काढले, त्याच्या माथ्यावर ‘पूर खाते’ असे लिहिले, आणि पहिली रक्कम नावे टाकली. ते खाते बंद होण्यास पावणेदोन वर्षे लागली. आणि बंद झाले त्याच वर्षी, २०२१ च्या जुलैत, नदी पुन्हा चढली.

दिवाणजी आता नाहीत. त्यांच्या रोजकीर्दीचे सात खंड इंग्रजी पुस्तकांच्या खालच्या फळीवर आहेत. यादी मागणाऱ्या मुलाला मी हल्ली उलट विचारतो, की या आठवड्यात तुझे नेमके काय अडले आहे? माल निघत नसेल तर गोल्डरॅट देतो, माल निघून खपत नसेल तर फिट्झपॅट्रिक, आणि खपून पैसा येत नसेल तर अकरावीचे पाठ्यपुस्तक. काहीच अडले नाही असे तो म्हणाला तर चहा देतो. एका वेळी एकच पुस्तक, आणि परत आणून दिल्याशिवाय दुसरे नाही. या नियमामुळे माझी तीन पुस्तके कायमची गेली आहेत.

मात्र एक पुस्तक मला कुणालाच देता येत नाही, कारण ते माझ्याजवळ नाही. मराठीत उद्योगपतींची चरित्रे आहेत, ‘इडली, ऑर्किड आणि मी’सारखी रसाळ आत्मकथने आहेत, अच्युत गोडबोले व अतुल कहाते यांचे ‘बोर्डरूम’ आहे, ती वाचावीत. परंतु ज्याचा धंदा बसला, ज्याने कुलूप लावून किल्ली मालकाला दिली, त्याने आपल्या कीर्दीतल्या तारखा व रकमांसह, कुणावर ठपका न ठेवता, ते कसे घडले हे लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. उद्यमनगरात, शाहूपुरीत, इचलकरंजीच्या मागांच्या पेठांत अशी शेकडो माणसे हयात आहेत आणि त्यांच्या वह्या माळ्यावर पडून आहेत. घर रंगवताना किंवा वाटण्या होताना त्या रद्दीवाल्याकडे जातात. वाचकांपैकी कुणाच्या घरी बंद पडलेल्या दुकानाच्या अशा वह्या असतील, तर त्या किलोवर घालू नयेत. एकदा उघडून, ज्या पानानंतर कोरी पाने लागतात त्याच्या आधीची तीन वर्षे वाचून पाहावीत, आणि जमल्यास लिहावे.